घराची डागडुजी : आधी पाण्याची वाट, मग रंगाचा हात



अक्षय्य तृतीया उलटली की कोकणात घरे शाकारण्याची लगबग सुरू होई. कौले उतरवून झाडणे, फुटकी बदलणे, रिपा आणि वासे ठोकून पाहणे, पन्हळीतील पालापाचोळा काढणे ही कामे घरची माणसे आणि शेजारीपाजारी मिळून करीत. देशावर माळवदावर पांढरी माती पसरून ती चोपली जाई. दरवर्षी घराला माणसाचा हात लागे आणि म्हणून ते घर पिढ्यान्‌पिढ्या उभे राही. पुढे सिमेंटची घरे आली आणि त्यांच्यासोबत 'पक्के घर' हा शब्दही आला. या शब्दाने थोडे नुकसान केले आहे. पक्के घर म्हणजे ज्याची देखभाल करावी लागत नाही असे घर, अशी समजूत त्यातून रूढ झाली. परिणामी पंचवीस-तीस वर्षांपूर्वी बांधलेल्या कितीतरी घरांच्या, शाळाखोल्यांच्या व ग्रामपंचायत कार्यालयांच्या छताकडे ते गळू लागेपर्यंत कोणी मान वर करून पाहिलेलेच नसते.

आणि पाहिले तरी पहिला विचार रंगाचा होतो. लग्नकार्य, दिवाळी किंवा एखाद्या पाहुण्याची भेट ठरली की डागावर रंगाचे दोन हात दिले जातात. पावसाळ्यानंतर तोच डाग, पूर्वीपेक्षा मोठा होऊन, पुन्हा वर येतो. छताचे पोपडे, भिंतीवरील फुगलेला रंग आणि अंगणातील खचलेली फरशी ही वरवर पाहता तीन निराळी कामे वाटतात. बहुतेक वेळा त्यांच्या मुळाशी एकच कारण असते, ते म्हणजे वाट न मिळालेले पाणी. ते कोठून येते व कोठे थांबते याचा शोध लागल्याखेरीज थापी किंवा कुंचला हाती घेण्यात अर्थ नाही.

छतावरील डागाच्या नेमक्या वरच गळती असेल असे मात्र समजू नये. स्लॅबमध्ये शिरलेले पाणी सळईच्या अथवा नळीच्या कडेने वाहत जाऊन पाच-सात फुटांवर टपकू शकते. म्हणून प्रथम गच्चीवर जावे. पाणी वाहून नेणारे नळ पानांनी व मातीने तुंबले आहेत काय, गच्ची व कठडा जेथे मिळतात त्या कोपऱ्यात भेग आहे काय, टाकीची जोडणी पाझरते काय, हे पाहावे. गळतीच्या तक्रारींपैकी पुष्कळशा केवळ नळ मोकळे करण्याने मिटतात, आणि त्यासाठी गवंडी लागत नाही. तरीही शंका राहिली तर संशयित भागाभोवती मातीची छोटी पाळ घालून त्यात दोन इंच पाणी २४ तास साठवावे आणि खालून लक्ष ठेवावे. दोन इंच पाण्याचे वजन दर चौरस मीटरला सुमारे ५० किलो भरते. त्यामुळे ज्या छताच्या सळया उघड्या पडल्या आहेत किंवा जे मध्यभागी झुकले आहे, त्यावर ही परीक्षा करू नये.

छत खालून तपासण्याची रीत सोपी आहे. लांब काठीने छतावर हलकेच ठोकत जावे. आवाज खणखणीत आला तर गिलावा घट्ट आहे. बद्द आवाज आला तर तो आतून सुटलेला आहे, आणि आज ना उद्या कोणाच्या तरी अंगावर पडणार आहे. अशा भागाखालून खाट, पाळणा किंवा वर्गातील बाके त्याच दिवशी हलवावीत. केवळ गिलाव्याचा पातळ थर सुटला असेल आणि वर काँक्रीट शाबूत असेल, तर ही दुरुस्ती घरच्या घरी होऊ शकते. डोळ्यांना चष्मा व डोक्याला जाड टोपी घालून, एका बाजूला उभे राहून सुटलेला भाग पाडावा. पृष्ठभाग तारेच्या ब्रशने घासावा, ओला करावा, सिमेंटचे पातळ पाणी मारावे आणि एका भागास चार भाग धुतलेली रेती घेऊन कालवलेला माल दाबून लावावा. माल अर्ध्या तासात संपेल इतकाच कालवावा. नंतर किमान सात दिवस पाणी मारावे. किनारपट्टीवर खाडीची रेती न धुता वापरल्यास तिच्यातील मीठ सळयांना गंज आणते, हे विसरू नये.

परंतु गिलाव्याबरोबर काँक्रीटचाही थर निखळून आतील सळई दिसू लागली असेल, तर प्रश्न निराळा होतो. काँक्रीटच्या अंगच्या क्षारधर्मामुळे सळई सुरक्षित असते. हवेतील कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे आत झिरपत गेला की तो गुण ओसरतो. मग ओल मिळताच गंज चढतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो, म्हणून तो काँक्रीट आतून फोडतो. अशा जागी वरून सिमेंट थापणे म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणे होय. गंज आत वाढत राहतो आणि दिसेनासा होतो, एवढाच फरक पडतो. हे काम घरच्या माणसाचे नव्हे, हौशी शिक्षकाचे नव्हे आणि श्रमदानाचेही नव्हे. अशी शाळाखोली रिकामी करून, कुलूप लावून जिल्हा परिषदेच्या अभियंत्याकडे लेखी कळविणे हेच मुख्याध्यापकाचे व सरपंचाचे कर्तव्य ठरते. तात्पुरते प्लॅस्टर करून 'दुरुस्ती झाली' अशी नोंद करणाऱ्या हातांनी त्या खोलीतील मुलांचा विचार केलेला नसतो.

माळवदाच्या घरांविषयी दोन शब्द आवश्यक आहेत. गळती दिसली की वर आणखी माती टाकण्याची सवय पिढ्यांची आहे. जुनी माती न काढता नवी टाकत गेल्याने कित्येक माळवदांवर फूट-दीड फूट थर साचतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला, तेव्हा मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि ही जड छते झोपलेल्या माणसांवर कोसळली व हजारो जीव गेले. माळवदाची डागडुजी करताना प्रथम जुना थर उतरवावा, तुळयांना कसर किंवा वाळवी लागली आहे काय ते पाहावे, आणि मगच बेताची नवी माती घालावी.

आता रंगाकडे वळू. भिंतीच्या तळाशी पांढरी पूड फुटते, तिला लोणा लागणे म्हणतात. जमिनीतील ओल वर चढते, आपल्याबरोबर क्षार आणते आणि पाणी उडून गेले की क्षार मागे राहतात. अशा भिंतीला तैलरंग किंवा प्लॅस्टिक रंग दिल्यास ओल अडते आणि रंगाचे फोड येतात. ओल भिंतीतील आहे की खोलीतील दमट हवेची, हे ओळखण्यासाठी वीतभर प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर लावून एक-दोन दिवस ठेवावा. भिंतीकडील बाजूस पाणी जमले तर ओल भिंतीतील समजावी.

जुन्या दगडामातीच्या व चुन्याच्या भिंतींना चुन्याची सफेदी अजूनही उत्तम. ती भिंतीला श्वास घेऊ देते, आणि हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून स्वतः पुन्हा चुनखडीसारखी घट्ट होते. कळीचा चुना पाण्यात विरवून दिवसभर ठेवावा, जाड फडक्याने गाळावा, त्यात गरम पाण्यात विरघळवलेला डिंक व चिमूटभर नीळ घालावी, आणि किंचित ओल्या केलेल्या भिंतीवर पातळ हात द्यावेत. एक जाड हात देण्यापेक्षा तीन पातळ हात अधिक टिकतात. चुना विरताना पाणी उकळते. त्या भांड्यापाशी लहान मुलांना येऊ देऊ नये, कारण डोळ्यात उडालेला चुना दृष्टी घेऊन जाऊ शकतो.

जुनी दारे-खिडक्या व शाळेची बाके घासताना आणखी एक काळजी हवी. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक असू नये, असे नियम केंद्र शासनाने २०१६ साली केले व ते १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्यापूर्वीच्या तैलरंगांत शिसे असण्याचा संभव असतो, आणि त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूला बाधते. असा रंग कोरडा घासू नये. पाण्याचा पॉलिश पेपर वापरावा, धूळ ओल्या फडक्याने टिपावी, आणि हे काम सुटीच्या दिवशी करावे.

राहिले अंगण. शहाबादी फरशी टाकली की अंगण झाले, असे मानले जाते. फरशीचे आयुष्य तिच्या खाली काय आहे यावर ठरते. काळी जमीन पावसात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट बसविलेली फरशी एक-दोन वर्षांत डुगडुगू लागते. फूटभर काळी माती काढून तेथे मुरूम घालावा. तो चार-चार इंचांच्या थरांत, प्रत्येक थर पाणी मारून, धुम्मसाने ठोकावा. त्यावर इंचभर रेती पसरून फरशी बसवावी. पाणसळ व दोरी लावून घराकडून बाहेर, दर दहा फुटांस अडीच इंच उतार ठेवावा. सांधे सिमेंटने बुजविण्याऐवजी रेतीने भरले तर एखादी फरशी खचल्यास ती एकटी उचलता येते, आणि थोडे पाणी जमिनीतही मुरते. झाडाचे आळे मोकळेच राहू द्यावे.

येथे सर्रास घडणारी एक चूक फार महाग पडते. जुनी फरशी न उखडता तिच्यावरच नवी बसविली जाते. दर खेपेला अंगण दोन-तीन इंच वर येते. शेवटी ते जोत्याला मिळते आणि पावसाचे पाणी भिंतीत शिरू लागते. मग आत लोणा लागतो, रंग फुगतो आणि दोष रंगाऱ्याच्या माथी येतो. अंगणाची पातळी जोत्याच्या माथ्यापासून किमान एक वीत खाली असावी. गावातील रस्त्यांवर दरवर्षी काँक्रीटचा नवा थर चढवणाऱ्या ग्रामपंचायतींनीही दुतर्फाच्या घरांची जोती एकदा मोजून पाहावीत.

ही सारी कामे वैशाखात उरकावीत. पहिला मोठा पाऊस आला की छत्री घेऊन गच्चीवर व अंगणात एक फेरी मारावी. पाणी जेथे साचलेले दिसेल तेथे विटेचा तुकडा ठेवावा, आणि पाऊस ओसरल्यावर त्या जागी खडूने खूण करून वहीत टिपून ठेवावे. पुढील वर्षीच्या कामाची यादी त्याच वहीत तयार होत जाते.