पाच जोड्या

(हीरक महोत्सवी वर्षातील पालक व माजी विद्यार्थी मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



शाळेच्या हीरक महोत्सवात मुख्याध्यापिकेने स्वतःच्या गुडघ्यांविषयी बोलावे, हे थोडे विपरीतच. गेली तीन वर्षे मी गुडघेदुखीवर रोज एक गोळी घेत आले. दिवाळीनंतर भेटीस आलेला, आता संख्याशास्त्र शिकवणारा आपला एक माजी विद्यार्थी म्हणाला, "बाई, आराम गोळीने पडतो की थंडी ओसरल्याने, हे कधी तपासलेत का?" मी मराठीची एम.ए.; गणिताशी माझा संबंध गुणपत्रिकांपुरता. मी निरुत्तर झाले.

शेकडो रुग्णांवरील चाचणी सरासरी सांगते. ती गोळी मला लागू पडते का, हा प्रश्न निराळा. 1986 साली कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाचे गॉर्डन गायट व त्यांचे सहकारी यांनी एकट्या रुग्णावर चाचणी घेण्याची रीत मांडली. त्यांचा रुग्ण दम्याचा होता. थिओफिलिन त्याला उपकारक नाही, असे त्या चाचणीत आढळले. रीत अशी : काही दिवस खरी गोळी, काही दिवस तशीच दिसणारी पण औषध नसलेली, क्रम चिठ्ठी टाकून ठरवायचा आणि तो रुग्णाला वा डॉक्टरांना कळू द्यायचा नाही. अशा दोन पाळ्यांची एक जोडी. दुखणे जुने व स्थिर असावे, औषधाचा गुण लवकर यावा आणि तितक्याच लवकर ओसरावा, तरच हे जमते.

मग अशा जोड्या किती हव्यात? गोळी निरुपयोगी असली, तरी एका जोडीत ती सरस भासण्याची शक्यता निम्मी. सलग तीन जोड्यांत तसे होण्याची शक्यता 8 मध्ये 1, पाचांत 32 मध्ये 1. मात्र पाचांपैकी एक जोडी जरी उलटली, तरी चार किंवा अधिक जोड्या निव्वळ योगायोगाने अनुकूल येण्याची शक्यता 32 मध्ये 6 होते. तेवढ्यावर कोणी विसंबू नये. जोड्या वाढवाव्यात, तर तितके आठवडे औषधाविना दुखणे सोसायचे. हिशेबाची खरी अडचण इथेच आहे, आणि ती कागदावर सुटत नाही.

त्याने आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला फार आवडली. 40 रुग्णांची एकेक जोडी आणि 10 रुग्णांच्या चार-चार जोड्या, दोन्हीकडे जोड्या 40च. सर्वांच्या सरासरीसाठी पहिली योजना बरी, कारण माणसामाणसांत फरक असतो. पण अमक्या एकाला गुण येतो का, हे पहिली योजना सांगूच शकत नाही. एकाच जोडीत औषधाचा गुण आणि त्या आठवड्याचा चढउतार वेगळे काढता येत नाहीत. म्हणून प्रश्न आधी ठरवायचा, संख्या मागाहून.

आमच्या डॉक्टरांच्या संमतीने मी एकेका आठवड्याच्या पाच जोड्या आरंभल्या आहेत. औषधविक्रेत्यांनी एकसारख्या दिसणाऱ्या पुड्या भरून दिल्या; रोज रात्री वेदनेला दहापैकी गुण देते. मुलांना गुण देण्यापेक्षा हे कठीण! दोन जोड्या झाल्या. क्रमाचे पाकीट बंद करून औषधविक्रेत्यांकडेच ठेवले आहे. ते अजून सहा आठवड्यांनी उघडेल. तोवर जिने चढताना मी मध्येच थांबले, तर कृपया गोळीविषयी विचारू नका.