गाणी एकाच पेटीत ठेवू नका

(रत्नागिरी तालुक्यातल्या एका बौद्धवाडीत तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मला बोलावलं कवी म्हणून. पण आज कविता वाचणार नाही. मी मिरकरवाड्याला बंदरावर बर्फ नि मासळी उचलतो, शिक्षण मॅट्रिक, तेव्हा विद्वानांची भाषा माझ्याकडनं होणार नाही. विषय कॅसेटींचा आहे.

आपल्या घराघरात कॅसेटी होत्या. काही भंगारवाल्यानं नेल्या. काहींचं रीळ ओढून पोरांनी पाखरं हाकायला शेतात बांधलं. ज्या उरल्या त्या आता कुणीकुणी कॉम्प्युटरवर उतरवून घेतायत. चांगलं आहे. पण उतरवलं की म्हणतात, झालं, गाणी वाचली. कशी वाचली? काल ती कॅसेटीत एकटी होती, आज हार्डडिस्कमध्ये एकटी आहेत. कॅसेटीला बुरशी लागली तर निदान एक बाजू खराब होते. हार्डडिस्क हातातनं पडली की चाळीसच्या चाळीस कॅसेटी एका दणक्यात मेल्या.

माझ्या चुलत्याकडं चाळीस कॅसेटी आहेत. त्यातल्या अठ्ठावीस कंपनीच्या. प्रल्हाद शिंदे आहेत, विठ्ठल उमप आहेत, वामनदादा कर्डकांची गाणी आहेत. ती आपल्याकडनं गेली तरी दुसऱ्या कुणाच्या घरात सापडतील. उरलेल्या बारा मात्र घरच्या टेपरेकॉर्डरवर भरलेल्या. चौदा एप्रिलची रात्र, कव्वालीचा सामना, शक्ती-तुऱ्याचा फड. मधेच जनरेटर बंद पडतो, कुत्रं भुंकतं, कुणीतरी पाच रुपये बक्षीस जाहीर करतं. गाणारे आपल्याच वाडीतले, दिवसा दगड फोडणारे, कुणी मुंबईला गिरणीत गेलेले. त्यातला एकही स्टुडिओत गेला नाही. बहुतेक सगळे आता नाहीत. त्यांचा आवाज साऱ्या जगात त्या बारा कॅसेटींतच आहे. म्हणून पहिलं काम हे : कंपनीचं नि आपलं वेगळं करा. आपलं आधी उतरवा, आपलंच आधी जपा. आपल्याकडं होतं उलट. गाजलेलं गाणं दहा मोबाईलवर असतं नि आजोबांचा आवाज माळ्यावर.

हे काम दुसरं कोणी करणार नाही. मैफिलींना जपणारी कपाटं या देशात आहेत. आपल्या सामन्याला कुठल्या रेडिओची गाडी या वाडीत आली नाही. १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांच्या जलशानं बाबासाहेबांची चळवळ गावोगाव नेली. मी शोधलं. शब्द सापडले, आवाज मला सापडला नाही. वामनदादा नि प्रल्हाद शिंदे २००४ साली गेले, उमप २०१० साली. एवढं कशाला, खुद्द बाबासाहेबांचे कागद! त्यांच्यामागं, १९६७ साली, दिल्लीला अलिपूर रोडच्या बंगल्यातनं ते अंगणात काढून टाकले नि रात्री पाऊस पडला. नानकचंद रत्तूंनी लिहून ठेवलंय. ज्यानं देशाची घटना लिहिली त्याच्या कागदांची ही गत, तर आपल्या चुलत्याच्या कॅसेटीला कोण विचारतो?

आणि पावसाचं कोकणाला काय सांगायचं! चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर, दीडशे वर्षांहून जुनं. २००५ च्या जुलैत पाण्यात गेलं, परत उभं केलं, २०२१ च्या जुलैत परत पाण्यात. हजारो पुस्तकांचा लगदा. त्यातल्या ज्या पुस्तकाची दुसरी प्रत बाहेर होती ते मिळालं, ज्याची नव्हती ते गेलं. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात मंडणगड-दापोलीकडं घरांवरची कौलं-पत्रे उडाले, कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. तेव्हा एका घरात तीन डिस्का ठेवून काही होत नाही. घरासकट तिन्ही जातात.

जगभरची माणसं एक साधं गणित वापरतात. तीन प्रती, दोन तऱ्हेच्या वस्तूंवर, त्यातली एक दुसऱ्या गावात. एक कॉम्प्युटरवर, एक बाहेरच्या हार्डडिस्कवर, नि एक घाटावर नाहीतर मुंबईला पाव्हण्याकडं. आपल्यात चाकरमानी घराघरात आहे. गणपतीला येतो, शिमग्याला येतो, जाताना पिशवीत तांदूळ नेतो, एक डिस्कही नेईल. खर्च विचाराल तर साठ मिनिटांची कॅसेट पूर्ण दर्जानं उतरवली की सहाशे-साडेसहाशे एमबी होते. चाळीस कॅसेटींचे पंचवीस जीबी. बत्तीस जीबीच्या पेनड्राइव्हमध्ये मावतं. मूळ प्रत एमपीथ्री करू नका, त्यात आवाज कापला जातो नि कापलेला परत येत नाही. मोबाईलवर ऐकायला एमपीथ्री वेगळी काढा.

काही जण म्हणतील, यूट्यूबला टाकलंय की. टाका, लोकांनी ऐकलं पाहिजे. पण ती जपणूक नव्हे. तिथं आवाज दाबून ठेवतात, नि उद्या एखाद्या कंपनीनं हक्क सांगितला तर गाणं निघू शकतं, चॅनलही बंद होऊ शकतो. मायस्पेस नावाची अमेरिकेतली केवढी मोठी जागा, तिनं २०१९ साली कबूल केलं की २००३ ते २०१५ मध्ये लोकांनी ठेवलेली गाणी माल हलवताना गेली. पाच कोटींच्या घरात गाणी! आणि गुगलचं खातं दोन वर्षं उघडलं नाही तर ते पुसायची मुभा त्यांनी स्वतःला घेतलीय. आपल्या माणसाचं सिमकार्ड दर वर्षाला बदलतं, पासवर्ड त्याच नंबरावर. ते परक्याचं गोदाम आहे. चौथी प्रत म्हणून वापरा. आणखी एक, मोबाईल नि क्लाउड जोडलेलं असलं की इथं पुसलेलं तिथंही पुसलं जातं. त्याला प्रत म्हणत नाहीत. हार्डडिस्कही कॉपी झाली की उपसून ठेवा, जोडून ठेवली तर व्हायरस दोन्ही खाईल.

बंदरावर माल होडीतनं उतरला की मोजतात, गाडीत चढला की परत मोजतात. मधे एक क्रेट कमी आला तर तिथंच बोंब होते. फाइलींचंही तसंच. प्रत्येक फाइलीचा एक आकडा काढणारं प्रोग्राम फुकट मिळतं. कॉपी केल्यावर दोन्हीकडचा आकडा जुळला तर माल पुरा. नुसती नावं दिसतात म्हणून खूश होऊ नका, आतलं गाणं अर्ध्यात तुटलेलं असतं.

नि फाइलीला नाव द्या, बाबांनो! 'ट्रॅक झिरो वन' म्हणजे कोण? कुणी गायलं, ढोलकीवर कोण, कुठली वाडी, कुठलं साल, लिहा. चुलती आवाज ओळखते, अजून हयात आहे. ती गेल्यावर फाइल राहील नि माणूस हरवेल. कॅसेटीवरचं बॉलपेनचं लिहिलेलंही मोबाईलनं टिपून त्याच फोल्डरात घाला.

पेनड्राइव्ह वर्षानुवर्षं पडून राहिला तर आतलं आपोआप पुसट होतं. हार्डडिस्क खाऱ्या हवेत गंजते. घट्ट झाकणाच्या डब्यात, बुटाच्या खोक्यात येते ती दमट शोषणारी पुडी घालून ठेवा. वर्षातनं दोनदा काढा, जोडा, आकडे जुळवा, दोन-चार गाणी ऐका. जयंतीच्या आदल्या रात्री स्पीकर जोडतोच आपण, तेव्हा एकदा. आगोटीच्या सुमाराला मिरच्या-सुकट भरतो तेव्हा बाहेरगावी प्रत पोचली का विचारा. नि सहा डिसेंबरला परत जोडून बघा. चार-पाच वर्षांनी डिस्क धडधाकट असली तरी नवीनवर उतरवा.

मूळ कॅसेटी फेकू नका. उद्या चांगला डेक मिळाला तर परत उतरवता येतील. बुरशी दिसली तर ती कॅसेट इतरांबरोबर लावू नका, डेकचं डोकं घाण होतं नि पुढच्या कॅसेटीला लागतं.

येत्या रविवारी विहारात बसू. कंपनीच्या कॅसेटी घरी ठेवा, आपल्या भरलेल्या तेवढ्या आणा. डेक एकच आहे. साठ मिनिटांच्या कॅसेटीला साठ मिनिटं लागतातच, म्हणून सकाळी सातपासून नंबर लावा. म्हाताऱ्यांच्या कॅसेटी आधी.