यंत्राशी बोलताना



संगणक आता आपल्याशी बोलू लागला आहे. पण ‘बोलणे’ म्हणजे नेमके काय, याचा विचार तत्त्वज्ञ आणि भाषेचे अभ्यासक केव्हापासून करीत आले आहेत.

रस्त्यात कोणी विचारले, “घड्याळ आहे का हो?” आणि आपण “आहे” म्हणून पुढे गेलो, तर व्याकरण चुकत नाही, संवाद मात्र फसतो. त्या गृहस्थाला वेळ हवी होती. बोलणे ही एक कृतीच असते, असे ऑस्टिन आणि सर्ल या तत्त्वज्ञांनी मांडले, ते याच अर्थाने. स्टेशनवर “पुण्याची गाडी केव्हा?” असे विचारल्यावर आपण पुढे “आणि त्यानंतरची?” एवढेच म्हणतो. मागचे बोलणे ध्यानात नसेल, तर या शब्दांना अर्थ नाही. म्हणून संवाद करणारी यंत्रणा तयार करताना हेतू ओळखण्याची आणि झालेले बोलणे लक्षात ठेवण्याची सोय करावी लागते.

पॉल ग्राइस यांचा या विषयावरील निबंध १९७५ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्या मते संभाषण परस्पर सहकार्यावर चालते. पुरेसे सांगावे, आधार असेल तेच सांगावे, विषयाला धरून सांगावे, स्पष्ट सांगावे, ही त्याची चार पथ्ये. समोरचा ती पाळतो आहे, असे आपण गृहीतच धरतो.

धोका येथेच आहे. १९६६ साली अमेरिकेतील जोसेफ वायझेनबॉम यांनी ‘एलायझा’ हा प्रोग्रॅम जाहीर केला. तो माणसाचेच वाक्य फिरवून त्याला परत विचारी. अर्थ त्याला कळत नसे. तरीही लोक त्याच्यापाशी मन मोकळे करू लागले आणि खुद्द वायझेनबॉम अस्वस्थ झाले. समजूतदारपणा यंत्रात नव्हताच. तो माणसांनी पदरचा घातला होता.

२०२२ साली आलेल्या चॅटजीपीटीसारख्या यंत्रणा अफाट मजकुरावरून शब्दामागून शब्द जुळवायला शिकल्या आहेत. त्यांचे उत्तर बहुधा पुरेसे, मुद्द्याला धरून आणि स्पष्ट असते. मात्र आधाराचे पथ्य त्यांच्याकडून मोडते. कधी कधी अस्तित्वातच नसलेल्या पुस्तकाचे नावही त्या ठामपणे सांगतात, आणि सफाईदार भाषेमुळे ते आपल्याला खरे वाटते.

आपली मुले या यंत्राला प्रश्न विचारणार, खुशाल विचारोत. पण उत्तर मिळताच “हे कशावरून?” असे विचारण्याची आणि ते पुस्तकाशी ताडून पाहण्याची सवय त्यांना घरी आणि वर्गात आपणच लावली पाहिजे.