खिडकीतली सोन्याची नाणी

आज मी ज्याच्याविषयी बोलणार आहे, त्याचं नाव मुष्टियुद्धाच्या इतिहासात मोठं आहे. पण ते ठोशांमुळे नाही. टेक्स रिकर्ड. आधी टेक्सासमध्ये मार्शल, मग अलास्कात सोन्याच्या मागे, पुढे नेव्हाडातल्या गोल्डफील्ड या खाणगावात जुगाराच्या अड्ड्याचा मालक.

1906 साली गावाचं नाव गाजावं म्हणून त्याने जो गान्स आणि बॅटलिंग नेल्सन यांची लढत ठरवली. बक्षिसाचे 30,000 डॉलर त्याने सोन्याच्या नाण्यांत आणवले आणि चक्क बँकेच्या खिडकीत रचून ठेवले. लढत 42 फेऱ्या चालली, पण गर्दी जमवली ती त्या खिडकीने.

आपल्याकडे जत्रेत कुस्त्यांचे जोड लावतात ते वजन आणि ताकद बघून. रिकर्ड जोड लावायचा लोकांचा राग बघून. 1910 मध्ये रेनोला काळा जॅक जॉन्सन आणि गोरा जेम्स जेफ्रीज समोरासमोर आले, तेव्हा तिकिटं खपली ती वर्णद्वेषावर. जॉन्सन जिंकला आणि अमेरिकेत ठिकठिकाणी दंगली उसळल्या. माणसं मेली. रिकर्डच्या हुशारीला दाद देताना हे विसरता येत नाही.

1921 साली त्याने युक्ती तीच वापरली, फक्त राग बदलला. जॅक डेम्प्सीवर सैन्यभरती चुकवल्याचा आरोप झाला होता. कोर्टाने सोडलं, लोकांनी नाही. समोर फ्रान्सचा देखणा युद्धवीर जॉर्ज कार्पांतिए. तो अंगाने बराच हलका, म्हणजे जोड सरळसरळ विषम! पण जर्सी सिटीत खास लाकडी स्टेडियम उभं राहिलं, 2 जुलैला 80,000च्या आसपास लोक लोटले आणि तिकिटांचा गल्ला 17 लाख डॉलरांवर गेला. त्याआधी कुठल्याच लढतीने 10 लाखांचा आकडा पाहिला नव्हता. खुद्द लढत चौथ्या फेरीत आटोपली.

आणि आमच्या रेडिओच्या धंद्यातली एक गंमत. ती लढत रेडिओवरूनही ऐकवली गेली. रिंगणाशेजारी बसलेले अँड्र्यू व्हाइट टेलिफोनवर वर्णन सांगत होते. पण ते जसंच्या तसं हवेत जात नव्हतं. होबोकनला ट्रान्समीटरपाशी बसलेला एक तंत्रज्ञ ते ऐकून पुन्हा बोलत होता. कार्पांतिए कोसळला हे श्रोत्यांनी ऐकलं, ते ज्याला रिंगण दिसतही नव्हतं त्याच्या तोंडून.