रिपोर्ट कुणाच्या घराण्याचा?



मूल जन्मतः कर्णबधिर आहे असं कळलं की घरात पहिला प्रश्न येतो, "आईच्या माहेरी कुणी होतं का?" वडिलांच्या घराण्याची चौकशी क्वचितच होते. मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरवाला आहे. पण हा प्रश्न मुळातच चुकीचा आहे, हे समजायला डॉक्टर असावं लागत नाही.

आनुवंशिक बहिरेपणाच्या बहुतेक प्रकारांत बिघडलेलं जनुक आई आणि वडील दोघांकडून यावं लागतं. एकाकडूनच आलं तर माणसाला नीट ऐकू येतं, तो फक्त वाहक असतो. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात ४ पैकी १ शक्यता. पहिलं मूल बहिरं झालं म्हणून पुढची तीन सुटली, असा हिशोब नाही. भारतात वारंवार सापडणारा बदल जीजेबी-२ या जनुकातला, डब्ल्यू-२४-एक्स नावाचा. एक अक्षर बदलतं आणि प्रथिन तयार होणं २४व्या जागीच थांबतं. आमच्या भाषेत, प्रोग्राम तिथंच बंद!

आता आपल्याकडचं. सख्ख्या चुलत, मामे, मावस भावंडांत सरासरी एक-अष्टमांश जनुकं सारखी असतात, म्हणून दोघंही एकाच बदलाचे वाहक निघण्याची शक्यता वाढते. (मामाची मुलगी करण्याची रीत महाराष्ट्रात अनेक हिंदू जातींतही आहे, तेव्हा हे फक्त आपलं नाही.) माझे चाचा-चाची चुलत भावंडं. मुलगा बहिरा झाला तेव्हा बोल चाचीच्या माहेराला लागला. माहेर आणि सासर एकाच आजोबांचं!

तपासणीला नकार देणाऱ्यांना मी अडाणी म्हणणार नाही. "रिपोर्ट आला तर मुलींचे रिश्ते तुटतील" ही भीती खरी आहे. पण रिपोर्ट लपवून त्याच मुलीचं लग्न खालाच्या मुलाशी लावलं, तर काय साधलं? "अल्लाहची मर्जी" म्हणणारे चष्मा लावताना थांबत नाहीत. शिवाय काही प्रकारांत बहिरेपणासोबत हृदयाच्या ठोक्यांचा विकार असतो आणि मूल अचानक बेशुद्ध पडतं. काहींत पुढे नजर जाऊ लागते. हे आधी कळलं तर जीव वाचतो. जीजेबी-२ असेल तर कानाची नस सहसा शाबूत असते, त्यामुळे कॉक्लिअर इम्प्लांटचा बऱ्याचदा चांगला उपयोग होतो.

चाचीच्या मुलाने मात्र मला खुणांनी विचारलं, "म्हणजे माझ्यासारखे जन्मूच नयेत, असं का?" या प्रश्नापुढे जनुकांचं ज्ञान अपुरं पडतं. मी त्याला सांगितलं, तपासणी कारण सांगते, कुणाची किंमत नाही. त्याचं समाधान झालं असं मला वाटत नाही.

ज्यांच्या घरी लहान मूल आहे, त्यांनी आधी कानांची तपासणी करून घ्यावी. मुंबईत वांद्र्याला १९८३ पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. जनुकीय तपासणीचा विचार असेल तर आधी समुपदेशकाला भेटा, आणि नमुना द्यायला नवरा-बायको दोघं जा. खासगीत काही विचारायचं असेल तर चहाच्या वेळी मी मागच्या बाकावर बसलेला असेन.