हातांची वाणी
(रौप्यमहोत्सवप्रसंगी धर्मग्रामातील बधिर सभासदांच्या वतीने केलेले भाषण)



या मंगल प्रसंगी आम्हां बधिर सभासदांस मनोगत मांडण्याची संधी दिलीत, याबद्दल आम्ही आपले ऋणी आहोत.

आमच्यापैकी काहीजण मुखाने बोलतात, काहीजण हातांनी. बोलणाऱ्यास पाहून लोक म्हणतात, यास सर्व समजते. खुणा करणाऱ्यास पाहून म्हणतात, यास काहीच समजत नाही. दोन्ही समजुती खोट्या आहेत. ओठांवरून शब्द ओळखणाऱ्याचे प्रवचन, वक्त्याने पाठ फिरविताच तेथेच थांबते. आणि खुणांची भाषाही स्वतःचे व्याकरण असलेली पूर्ण भाषा आहे. याहून मोठे दुःख हे की, आम्हीही त्या समजुतींस बळी पडलो. आमच्यातील बोलक्यांनी खुणा करणाऱ्यांस कमी लेखले. खुणा करणाऱ्यांनी बोलक्यांस परके मानले. हा दोष आम्ही आज आपणांसमोर कबूल करतो.

या भेदाचा इतिहास जुना आहे. अठराव्या शतकात पॅरिसचे धर्मगुरू द लेपे (1712–1789) यांनी बधिरांच्या खुणा आपण शिकून घेतल्या व त्यांच्याच आधारे मुलांस शिक्षण दिले. पुढे 1880 साली मिलान येथील परिषदेने शाळांतून खुणा वर्ज्य करून केवळ मुखभाषेचा पुरस्कार केला. तिचे अध्यक्ष जूल्यो तार्रा हेही धर्मगुरूच होते. हेतू दोघांचाही चांगला. परंतु एकाने आधी बधिरांकडून शिकून घेतले, आणि मिलानच्या सभेत मत देणारे जवळजवळ सर्व ऐकू येणारे होते. 2010 साली व्हँकूव्हर येथील परिषदेने त्या ठरावांबद्दल खेद प्रकट केला. मधल्या एकशे तीस वर्षांत किती मुलांचे हात मुके केले गेले असतील!

संत मार्काच्या शुभवर्तमानातील बधिर मनुष्य आपणांस ठाऊक आहे. प्रभूने त्यास गर्दीतून बाजूस नेले, त्याच्या कानांत बोटे घातली, जिभेस स्पर्श केला, स्वर्गाकडे दृष्टी लावली; आणि मगच 'इप्फाथा' हा शब्द उच्चारला. आधी खूण, मग शब्द. तो मनुष्य बोलू लागेपर्यंत प्रभू थांबला नाही. प्रभूच त्याच्या भाषेत आला.

ख्रिस्तसभेच्या 1983 सालच्या धर्मसंहितेनुसार दुभाष्यामार्फत पापनिवेदन करता येते, आणि बोलता न येणाऱ्या वधूवरांची खुणेने दिलेली विवाहसंमती ग्राह्य असते. 2024 साली त्रिसूर येथे एका बधिर तरुणास गुरुदीक्षाही मिळाली. मग आमच्या बाकापर्यंतच हे द्वार का अडावे?

आमचे मागणे थोडके आहे. वाचकाने लोकांकडे तोंड करून वाचावे. वेदीजवळ, उजेडात, दुभाष्यास जागा असावी. धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुलांनी चार खुणा शिकाव्यात. आणि आम्हांपैकी कोणी बोलो वा खुणा करो, त्यास 'आपला' म्हणावे. आम्हीही एकमेकांस तसेच म्हणू, असे वचन आज देतो.

परमेश्वर आपणां सर्वांचे कल्याण करो.