रक्तवाहिन्यांचे सांधे आणि घोणशीचे विष



विषय कानाला रूक्ष वाटेल. पण पनवेलच्या भातखाचरांशी त्याचा निकटचा संबंध आहे. खाचराचा बांध मजबूत हवा. परंतु वेळप्रसंगी तो फोडून पाणी पुढे सोडताही आले पाहिजे. आपल्या रक्तवाहिन्यांचेही तसेच आहे.

रक्तवाहिनीला आतून पेशींचे एकेरी अस्तर असते. शेजारशेजारच्या पेशींना जखडून ठेवणाऱ्या प्रथिनाला कॅडहेरिन म्हणतात. प्रत्येक पेशीने शेजारणीचा हात धरला आहे, असे समजा. जखम झाली, की तेथील पेशी एक वाढघटक सोडतात. हा निरोप पोचताच धरलेले हात आत ओढले जातात, फटी पडतात आणि रक्तद्रव बाहेर झिरपतो. नवी वाहिनी फुटायची, तर जुन्या पेशींनी थोडी जागा सोडलीच पाहिजे! काम संपले, की सांधे पुन्हा मिटतात; अँजिओपोएटिन नावाचा दुसरा घटक ते आवळून धरण्यास साहाय्य करतो. झिरपविणारा घटक १९८३ साली अमेरिकेत ड्वोरॅक व त्यांच्या सहकाऱ्यांना कर्करोगाच्या गाठींत सापडला. वाढीचा घटक म्हणून त्याची ओळख १९८९ साली पटली.

आता घोणशीकडे वळू. २००३ साली जपानी संशोधकांनी दाखविले, की तिच्या विषात या वाढघटकासारखेच एक प्रथिन असते. म्हणजे सापाने जणू आपल्याच घरच्या कुलपाची किल्ली बनवून घेतली आहे! विषातील इतर द्रव्ये रक्ताची गोठण्याची शक्ती नासवतात, वाहिन्यांच्या भिंती कुरतडतात; आणि हे प्रथिन सांधे सैल करते. मग रक्तद्रव झिरपतो, अंग सुजते, रक्तदाब घसरतो. बांध शेतकऱ्याने फोडणे वेगळे आणि चोराने फोडणे वेगळे.

यातून आम्ही एवढेच सांगू इच्छितो. घोड्याच्या रक्तापासून बनविलेले प्रतिविष, ज्याच्या निर्मितीसाठी परळची हाफकिन संस्था प्रसिद्ध आहे, ते रक्तात हिंडणाऱ्या विषाला पकडते; फुटलेला बांध मात्र ते लिंपीत नाही. म्हणून मांत्रिकाच्या दारात घालविलेला प्रत्येक तास रोग्याच्या आयुष्यातून वजा होतो. दंश झाला तर जखम कापू नका, चोखू नका, करकचून बांधू नका. रोग्याला चालवू नका. धीर द्या आणि तडक रुग्णालयात न्या. लावणीच्या दिवसांत एवढे ज्ञान खाचरापर्यंत पोचले, तरी आजचे व्याख्यान सार्थकी लागले असे आम्ही समजू.